आजोबांच्या काठीचं विचारलंत, आजीच्या डालग्याचं सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा सिन्नरच्या पूर्व भागातले मेंढपाळ. ते गेले, त्याआधीच मेंढरं विकली गेली. आता घरात त्यांची काठी, एक घोंगडी आणि एक फोटो तेवढा उरलाय. ते नेमकं कसं जगायचे? आणि आज शेड बांधून तुम्ही पन्नास मेंढ्या घेतल्या तर जमेल का? शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, ‘घरी आजी आहे, पण तिला आता कमी ऐकू येतं.’

ती ओळ पहिली यायला हवी होती. पण चूक तुमची नाही. मेंढपाळ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि काठीवर रेललेला गडी उभा राहतो. फोटोही त्याचाच काढतात. त्या वेळी बाई कुठे असते? ती तीन कोस पुढे, तीन दगडांची चूल मांडत असते.

मी सिन्नरकडच्याच दोडीच्या बाजूचा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा जन्म. सातव्या-आठव्या वर्षापासून वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या संसाराबरोबर, चाललो, पोरांच्या शाळेसाठी थांबलो. आता गावातच तीसेक मेंढ्या आहेत. बाकी वेळ दुसऱ्यांच्या वाड्यांवर लसीकरणाच्या वेळी मेंढरं धरायला, दात बघून वय सांगायला, विकत घेताना सोबत म्हणून जातो. त्यामुळे जुनं आणि नवं दोन्ही रोज बघतो.

आधी दिवस कसा जायचा ते सांगतो. मेंढरं सकाळी लवकर सुटत नसत. दव उतरल्याशिवाय सोडायची नाहीत, हा नियम. दवात भिजलेल्या गवताच्या शेंड्यावर जंताची पिलं चढलेली असतात, हे मला डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. आमचा बाप एवढंच म्हणायचा, ‘ओलं खाल्लं की पोट सुटतं.’ नऊ-साडेनऊला गडी भाकरी बांधून खांड, म्हणजे कळप, घेऊन निघायचा आणि दिवस मावळताना थेट नव्या तळावर यायचा. मधल्या वेळात तळ हलवलेला असायचा. वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) गुंडाळायची, खुंट्या उपटायच्या, भांडी-पीठ-अंथरूण घोड्यावर लादायचं, त्यावर कोंबड्या आणि सगळ्यात वर झोळीत आदल्या दिवशीची कोकरं. घोडं लादणं ही कला आहे. वजन एका बाजूला जरा जास्त झालं की घोडं मैलभरात पाठ सोलून घेतं, आणि पाठ सोललेलं घोडं म्हणजे महिनाभर सगळा संसार बाईच्या डोक्यावर. आमची आई दोन्ही बाजूंचं ओझं हातानं उचलून अंदाज घ्यायची आणि एखादं पातेलं या बाजूचं त्या बाजूला टाकायची. तेवढ्यानं भागायचं.

नव्या गावात पोचल्यावर पाणी कुठलं, कोणाच्या विहिरीवर भरू देतात, दळण कुठे, मेंढरं कोणाच्या शेतात बसवायची, किती रात्री, बदल्यात काय, हे सगळं बोलणं बहुतेक वेळा बाईच करायची. गडी तर रानात. आई शेतकऱ्याच्या घरी आधी मालकिणीशी बोलायची, मग मालकाशी. जिथे मालकीण ताक द्यायची तिथे सौदा झालाच म्हणायचं.

आता खरी गोष्ट, संध्याकाळची. तुम्ही ती कधी बघितली नसेल म्हणून जरा सावकाश सांगतो. दोनशे मेंढ्या रानातून येतात, कास ताणलेली. तळावर शंभर-सव्वाशे कोकरं दिवसभर कोंडलेली; अगदी कोवळी डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, थोडी मोठी वाघरीत. मेंढ्या दिसल्या की कोकरं ओरडायला लागतात, कोकरांचा आवाज आला की मेंढ्या. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आई वाघरीच्या तोंडाशी बसायची आणि एकेक कोकरू उचलून सोडायची. कोकरू पळत सुटायचं, तीन-चार मेंढ्यांना लुचायचा प्रयत्न करायचं, लाथा खायचं आणि शेवटी आपली आई गाठायचं. मेंढी आधी त्याच्या शेपटीखाली हुंगते, मग पाजते. वीस-पंचवीस मिनिटांत गलका एकदम उतरतो. तळावर फक्त चुटुचुटु आवाज आणि हलणाऱ्या शेपट्या उरतात.

त्या शांततेत आईचं काम चालू व्हायचं. कोणाची शेपटी हलत नाही ते बघायचं. शेपटी हलत नाही म्हणजे दूध मिळत नाही. मग मेंढीच्या कासेला हात लावायचा. एक बाजू कडक आणि गरम लागली की समजायचं, काससुजी. ‘मोरीचं उजवं बंद झालंय, बांडीनं पाजलं नाही, भुंडीचं कोकरू आज हगवणीला लागलंय’ असा सगळा हिशेब ती जेवताना सांगायची. बापाला दोनशे मेंढ्या तोंडावरून ओळखू यायच्या, आईला मेंढ्या आणि त्यांची कोकरं अशा जोड्या पाठ होत्या. वहीत लिहायला दोघांनाही येत नव्हतं.

मेंढपाळाचं उत्पन्न कोकरात असतं. दख्खनी मेंढी एका वेळी शक्यतो एकच कोकरू देते, गाभण काळ पाच महिन्यांचा. म्हणजे वर्षाला एक, नीट जमलं तर दोन वर्षांत तीन वेतं. त्यातलं एखादं पहिल्या पंधरवड्यात मेलं की त्या मेंढीचं सहा-आठ महिन्यांचं चरणं फुकट. आणि पहिल्या पंधरवड्यातलं कोकरू असतं तळावर, बाईच्या हाताखाली. आजोबा लांडग्याशी लढले असतील, मी नाही म्हणत नाही. पण वाडा टिकला तो डालग्याखाली काय जगलं त्यावर.

विल्यावर मेंढी कोकरू घेत नाही, असं दर हंगामात होतं. पहिलटकरीण जास्त. अशा वेळी आमची आई कोकराच्या पाठीवर मिठाचं पाणी चोळायची. मेंढी मिठासाठी चाटायला लागते आणि चाटता चाटता वास ओळखीचा होतो. तेवढ्यानं नाही जमलं तर मेंढीचं तोंड दोन गुडघ्यांत धरून, कोकरू लावून, पाच दिवस असंच पाजायचं. एखादीचं कोकरू मेलं आणि दुसरं पोरकं असलं तर मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या अंगावर बांधायचं. बघायला बरं वाटत नाही, पण दोन-तीन दिवसांत मेंढी फसते आणि नंतर कातडं काढलं तरी सोडत नाही.

वाट आमची ठरलेली. दिवाळीचा पाडवा झाला, मेंढरं ओवाळली की चार-आठ दिवसांत निघायचं. सिन्नर, पांढुर्ली, घोटी, इगतपुरी, कसारा घाट उतरून शहापूरकडे. काही वाडे खाली न उतरता निफाड-दिंडोरीच्या बागायतीत फिरायचे. कोकणात का, तर तिकडे भात निघालेलं, पाणी अजून वाहतं आणि खाचरांना लेंडी हवी. परत यायचं मृगाच्या आत, कारण इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या पूर्व सिन्नरला पाचशेच्या आसपास. मेंढी कोरड्या मातीची. चिखलात आठ दिवस राहिली की खूर सडतात, लंगडी मेंढी चरत नाही, आणि चरत नाही ती जगत नाही. घाट रात्री उतरायचा, पुढे कंदील, मागे कंदील, मध्ये खांड. ट्रकवाले तेव्हा थांबायचे. आता हायवेवर कोण थांबतो? समृद्धी महामार्ग तर दोन्ही बाजूंनी बंदिस्त, पलीकडे जायचं तर भुयारी रस्ता गाठायचा. बरेच वाडे आता टेम्पो करतात. एका दिवसात घाट उतरतात, पण वाटेतली चराई आणि वाटेतली घरं दोन्ही सुटतात.

शेत बसवण्याचं थोडं सांगतो, कारण नव्या पोरांना ते खोटं वाटतं. रात्री मेंढरं शेतात कोंडायची, दुसऱ्या रात्री वाघर सरकवायची, असं सगळं शेत फिरायचं. लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी. शेतकरी बदल्यात पायलीवर बाजरी, ज्वारी किंवा भात द्यायचा. आता रात्रीचे पैसे ठरतात. रासायनिक खताच्या जोरात मधली काही वर्षं आम्हाला कोणी विचारत नव्हतं, आता खताची गोणी महागली तशी बोलावणी परत यायला लागलीत. आणि नाशिक म्हटल्यावर कांदा आलाच. भाव पडले की शेतकरी काढणीची मजुरीसुद्धा घालत नाही, उभ्या कांद्यात मेंढरं सोडायला सांगतो. आपल्याला चारा फुकट मिळतो, पण त्या बांधावर उभं राहून हसू येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, कांदा मेंढीला गायीपेक्षा जास्त पचतो खरा, तरी नुसत्या कांद्यावर ठेवली तर रक्त कमी होतं, डोळ्याची पापणी आतून पांढरी पडते. सकाळी कडबा, मग कांदा, तोही थोडा.

लोकर, घोंगडी यावर लांबण लावत नाही. नदीत मेंढरं धुवायची, कातरायची, बायकांनी सूत काढायचं, विणकरानं चिंचोक्याची खळ देऊन विणायचं. तुमच्याकडे जी आहे ती वाळवीपासून आणि कसरीपासून जपा, उन्हात टाकत जा. आज कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. दख्खनीची लोकर जाडीभरडी, वर्षाला मेंढीमागे अर्धा किलोच्या आसपास. कित्येक जण ती बांधावर टाकून देतात.

हे बाईचं मी मनचं सांगत नाही. मालेगावजवळ गिरणेकाठी चंदनपुरी आहे, पौष पौर्णिमेला खंडोबाची मोठी यात्रा भरते. ते बाणाईचं, खंडोबाच्या धनगर बायकोचं, गाव. कथा तुमच्या आजीला पाठ असेल: देव जेजुरी सोडून बाणाईसाठी आला आणि तिच्या वाड्यावर मेंढरं राखायला चाकर म्हणून राहिला. मेंढरं धुवायला नदीवर नेली आणि आपटून आपटून मारली, मग भंडारा टाकून उठवली. आम्ही पोरं हसायचो, की देवालासुद्धा मेंढरं नीट धुता येत नव्हती. पण बघा, वाडा बाणाईचा आणि चाकर देव.

आता तुमच्या पन्नास मेंढ्या.

आधी दोन नुकसानी सांगतो, माझ्याच. पहिली मृगाची. पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवागार होतो आणि सहा महिने वाळकं खाल्लेली मेंढरं त्यावर तुटून पडतात. संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू सकाळी मान मागे टाकून पडलेलं. आणि मरतं ते कळपातलं सगळ्यात गुबगुबीत, रोडकं मरत नाही. म्हणून आमच्याकडे दृष्ट लागली म्हणायचे, लिंबू-मिरच्या बांधायचे. एका वर्षी चार दिवसांत अकरा गेली तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितलं, आंत्रविषार. पोटातलेच जंतू अचानक मिळालेल्या कोवळ्या खाण्यावर भराभर वाढतात आणि विष करतात. जो जास्त खातो त्याच्यात विष जास्त. लस मेमध्ये, पावसाच्या आधी. पहिल्यांदाच टोचत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा. आणि पहिले काही दिवस सोडण्याआधी सुका चारा पोटात घालायचा. त्यानंतर माझ्याकडे दृष्ट लागलेली नाही.

दुसरी द्राक्षाची. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी एका बागायतदारानं प्रेमानं बोलावलं, पाला भरपूर पडलाय, घाला मेंढरं. मी दहा-बारा दिवस घातली. काही झालं नाही, उलट अंगावर आली. नंतर तीन आठवड्यांनी, आम्ही पार दुसऱ्या गावात असताना, एक मेंढी खायची थांबली. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. दुसऱ्या दिवशी गेली. अशा सात. पावसाळ्यात बागेवर मोरचुदाचे फवारे झाले होते आणि त्यातलं तांबं पानावर होतं. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एखाद्या दगदगीच्या दिवशी एकदम रक्तात सुटतं. शेळीला, गायीला जे चालतं ते हिला चालत नाही. म्हणून गायीचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका, त्यात तांबं असतं. मेंढीचं वेगळं मिळतं. त्या बागायतदाराचा दोष नव्हता, त्यानं तर भलं चिंतलं होतं. विचारायला मी हवं होतं.

या दोन गोष्टी बिनचूक केल्या आणि पीपीआर या साथीच्या रोगाची लस (ती एकदा टोचली की तीन वर्षं पुरते), पावसाआधी आणि पावसानंतर जंताचं औषध दिलं, तर मोठी मेंढी सहसा मरत नाही. एक अपवाद अवकाळीचा. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला गारठ्यासह रात्रभर पाऊस पडला आणि पुणे, नगर, नाशिक या पट्ट्यात उघड्या रानात बसलेली हजारो मेंढरं सकाळी उठलीच नाहीत. त्यात लस काय करणार? शेडचा खरा फायदा तिथे आहे, हे मी मान्य करतो.

पण पूर्ण बंदिस्त करू नका. दख्खनी मेंढी चालण्यासाठी जन्मलेली आहे. बांधून ठेवली तर खूर वाढतात, दर दोन-तीन महिन्यांनी कापावे लागतात, आणि चाऱ्याचा हिशेब अंगावर येतो. एका मोठ्या मेंढीला दिवसाला तीन-साडेतीन किलो ओला आणि किलोभर सुका चारा धरा. पन्नासाला गुणा, मग तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती असतं ते आठवा. दिवसा पाच-सहा तास चारायला न्यायच्या, रात्री शेडमध्ये, हे जमतं. जागा मेंढीला दहा-बारा चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळी. मेंढीपालनाची सरकारी महामेष योजना २०१७ पासून आहे, त्यात वीस मेंढ्या आणि एक नर असा गट पंचाहत्तर टक्के अनुदानावर मिळायचा. सध्याचे नियम तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात बघून घ्या. पण अनुदान मिळतंय म्हणून मेंढ्या घेणारा माणूस दुसऱ्या पावसाळ्यात विकतो, असं मी आजूबाजूला बघितलंय.

फलटणच्या निंबकर संस्थेच्या नारी सुवर्णा जातीबद्दल तुम्ही नक्की ऐकलं असेल. बंगालकडच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणला आहे. जुळी होतात हे खरं. पण आईला दूध एकाचंच असेल तर दुसरं कोकरू कोण जगवणार? जुळी म्हणजे बाटलीनं पाजणं, रात्री दोनदा उठणं, अशक्त कोकराला पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवणं. कागदावर जुळी म्हणजे दुप्पट उत्पन्न दिसतं. पण शेड बांधणाऱ्या दहापैकी नऊ जणांच्या मनात रात्री दोनदा उठणारा माणूस कोण, याचा विचार नसतो. ते बायकोला गृहीत धरतात, आणि बायको नोकरीला असते. आमच्या आईचं काम कोणी मोजलं नाही, म्हणून ते काम होतं हेच आता कोणाच्या लक्षात येत नाही. त्या कामाला माणूस ठेवा, त्याचा पगार खर्चात धरा, मग नफा काढा. तो एवढा सुंदर दिसणार नाही, पण खरा असेल.

पन्नास नको, पंधरा घ्या. चार दाती, सहा दाती, शक्यतो एक वेत झालेल्या, कासेला दोन्ही बाजूंनी हात लावून. दोन दाती दिसायला छान दिसतात, पण पहिलटकरणींच्या कळपात नवखा माणूस म्हणजे दोघंही शिकाऊ. आणि दिवाळीनंतर घ्या, पावसाच्या तोंडावर नाही.

विल्यावर पहिल्या तासाभरात कोकराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, नाळेला आयोडीन लावायचं. आमच्याकडे हळद लावायचे. बाकीचं मी फोनवर सांगत बसण्यापेक्षा तुमच्या घरात सांगणारं माणूस आहे. कमी ऐकू येतं म्हणता, तर समोर बसून विचारा, तुमच्या ओठांवरून कळेल त्यांना. आजोबा कसे होते हे विचारू नका, ते सगळे विचारतात. विल्यावर मेंढीनं कोकरू घेतलं नाही तर त्या काय करायच्या, एवढंच विचारा. आमची रीत मिठाची होती. चांदवड-नांदगावकडचे वाडे मेंढीपुढे कुत्रं आणून बांधायचे, कुत्र्याला बघून ती कोकरू पोटाशी घेते. तुमच्या आजीची तिसरीच काही असली तर मला जरूर कळवा. येत्या हंगामात माझ्या दोन पहिलटकरणी विणार आहेत.